खोडकळ आणि अक्षर : युनिक्स टर्मिनलवरील देवनागरी लेखनाचा एक अध्याय

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यालगत वसलेल्या छावणीच्या गावाचे नाव भिंगार. ह्या नावात अक्षरे किती, असे मराठी शाळेतील मुलास विचारले तर ते क्षणाचाही विलंब न लावता तीन असे सांगेल : भिं, गा आणि र. उच्चाराकडे लक्ष देणारा भाषाशास्त्रज्ञ मात्र दोनच अवयव मोजील, कारण मराठीत शब्दान्तीचा अकार उच्चारला जात नाही व ‘गार’ हा एकच अवयव होतो. युनिक्स जातीच्या संगणकावर हेच नाव टंकित केले म्हणजे मोजणीचे आणखी तीन प्रकार उत्पन्न होतात. कळफलकावर सहा आघात होतात व सहा चिन्हे नोंदली जातात. ती चिन्हे यूटीएफ-८ ह्या संकेतपद्धतीने साठविली की अठरा बाइट होतात. पडद्यावर, प्रचलित रुंदी-कोष्टकांप्रमाणे, ह्या नावाने पाच घरे व्यापलेली असतात. तीन, सहा, अठरा आणि पाच ह्या चार संख्यांचा मेळ बसत नाही, आणि तो बसत नाही हे लेखकाच्या प्रथम ध्यानात येते ते चूक खोडावयाची वेळ आली म्हणजे. खोडण्याची कळ एकदा दाबली असता नेमके काय नाहीसे व्हावे, ह्या प्रश्नाचा इतिहास पाहणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय. वरवर पाहता प्रश्न यांत्रिक आहे. परंतु त्याच्या मुळाशी ‘अक्षर म्हणजे काय’ हा जुना प्रश्न आहे.

ज्या यंत्रापुढे बसून युनिक्स घडविण्यात आले ते यंत्र कागदावर लिहिणारे होते. १९६३ साली प्रचारात आलेला टेलिटाइप कंपनीचा ३३ क्रमांकाचा दूरमुद्रक सेकंदास दहा अक्षरे उमटवी आणि त्यात रोमन लिपीची केवळ मोठी अक्षरे असत. कागदावर उमटलेले अक्षर पुसता येत नाही. म्हणून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी १९६९ पासून जी प्रणाली उभारली तीत खोडण्याचे काम कागदावर न होता केवळ संगणकाच्या स्मृतीत होई. आडव्या-उभ्या चार रेघांचे चौकटचिन्ह टंकित केले म्हणजे आधीचे एक अक्षर रद्द समजावयाचे, आणि ‘अ‍ॅट’ हे चिन्ह टंकित केले म्हणजे संपूर्ण ओळ रद्द समजावयाची, असा हा संकेत मल्टिक्स ह्या पूर्वीच्या प्रणालीकडून आलेला होता. कागदावर चुकीचे अक्षर, त्यापुढे चौकटचिन्ह आणि त्यापुढे बरोबर अक्षर अशी रांग दिसे. वाचणाऱ्याने मनातल्या मनात हिशेब करावयाचा. आपल्याकडे हस्तलिखितांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून ते झाकीत. दूरमुद्रकाला तीही सोय नव्हती.

दूरमुद्रकावर ‘रबआउट’ नावाची एक कळ मात्र होती, आणि तिची जन्मकथा लक्षात घेण्याजोगी आहे. कागदी फितीवर छिद्रे पाडून मजकूर साठविला जात असे. पडलेले छिद्र बुजविता येत नाही. परंतु उरलेल्या सर्व जागी छिद्रे पाडून ते अक्षर निरर्थक करता येते. सातही छिद्रे पाडली म्हणजे जी संख्या होते ती १२७, आणि म्हणून खोडण्याचा संकेत संकेतमालेच्या अगदी अखेरच्या स्थानी जाऊन बसला. गमतीची गोष्ट अशी की आरंभीच्या युनिक्समध्ये हाच १२७ वा संकेत चालू असलेला प्रोग्राम थांबविण्यासाठी वापरला जाई. पुढे पडद्याचे टर्मिनल आले, बर्कलीच्या आवृत्त्यांनी जुने संकेत बदलले, आणि काही कारखान्यांच्या कळफलकांवर खोडकळ ८ हा संकेत पाठवू लागली तर काहींच्या १२७. डिजिटल कंपनीच्या १९८३ च्या व्हीटी-२२० ह्या टर्मिनलची कळ १२७ पाठवी. ह्या दुहीमुळे खोडण्याची कळ दाबावी आणि ओळीत टोपीसारखे चिन्ह व त्यापुढे रोमन एच उमटावे, हा अनुभव युनिक्स वापरणाऱ्यांच्या दोन पिढ्यांना आलेला आहे.

ह्या गोंधळावरील उपाय म्हणजे ‘एस-टी-टी-वाय’ ही आज्ञा. कोणता संकेत खोडण्याचा समजावा, कोणता ओळ रद्द करण्याचा, टंकित केलेले अक्षर परत पडद्यावर उमटवावे की नाही, ओळ पुरी होईपर्यंत ती प्रोग्रामपासून रोखून धरावी की प्रत्येक अक्षर ताबडतोब सुपूर्द करावे, हे सारे ह्या आज्ञेने ठरविता येते. रोखून धरण्याच्या पद्धतीला प्रारंभीचे लोक ‘शिजविलेली’ म्हणत आणि ताबडतोब देण्याच्या पद्धतीला ‘कच्ची’. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत ही व्यवस्था मोजक्या खुणांवर चाले. पुढील आवृत्त्यांनी ती विस्तारली आणि १९८८ च्या पॉसिक्स प्रमाणकाने ‘टर्मिऑस’ ह्या नावाने तिला आज प्रचलित असलेले रूप दिले. टर्मिनल आणि प्रोग्राम ह्यांच्या मधोमध बसून ओळ घडविणाऱ्या ह्या थराला ‘लाइन डिसिप्लिन’ म्हणतात. मराठीत त्याला ओळीची शिस्त म्हणावयास हरकत नाही.

ह्या शिस्तीच्या पोटात एक गृहीत दडलेले होते. एक आघात, एक बाइट, एक अक्षर आणि पडद्यावरील एक घर ह्या चारही गोष्टी एकच होत, असे ते गृहीत. इंग्रजीपुरते ते खरे असल्यामुळे कोणाला ते गृहीत आहे असे जाणवलेही नाही. न जाणवलेले गृहीतच सर्वांत टिकाऊ असते.

महाराष्ट्रात यंत्र आणि देवनागरी ह्यांचा झगडा त्यापूर्वीच शंभराहून अधिक वर्षे चालू होता. १८४२ साली अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. त्या काळापासून मराठी जुळारी ज्या खिळ्यांनी मजकूर जुळवीत आला त्यांतच एककाचा प्रश्न उभा होता. व्यंजन आणि त्याची मात्रा मिळून एक अखंड खिळा ओतावा, की मात्रा, मधले अंग व खालचा उकार ह्यांचे वेगळे तुकडे ओतून ते डिग्री पद्धतीने एकावर एक बसवावेत, असे दोन मार्ग होते. अखंड खिळ्यांच्या पेटीत शेकडो घरे लागत. डिग्रीच्या खिळ्यांत घरे कमी, पण जुळणी किचकट. टंकलेखनयंत्राने तिसराच मार्ग पत्करला. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर भिंगार लिहावयाचे तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी भ च्या आधी मारावी लागते, आणि भ स्वतः अर्धा भ व दंड अशा दोन आघातांनी पुरा होतो. तीन अक्षरांच्या शब्दास सात आघात पडतात. तेथे एकक अक्षर नव्हते, ध्वनीही नव्हता. शाईची रेघ हे एकक होते.

यंत्र लिपीस जुमानत नाही हे दिसल्यावर लिपीच बदलावी असे म्हणणारे थोर लोक आपल्याकडे होऊन गेले. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचविली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती काही काळ निष्ठेने चालविली. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या उजवीकडे न्यावी असा ठराव केला. ह्या सूचनांमागील तळमळ खरी होती. परंतु समाजाने त्या स्वीकारल्या नाहीत, आणि डोळ्यांची सवय हे त्याचे एकच कारण नव्हते. कागद आणि खिळा ह्यांच्या मर्यादा लिपीच्या मर्यादा मानल्या गेल्या, ही त्या विचारातील मूळ चूक होती. लेखनाचा क्रम आणि दर्शनाचा क्रम वेगवेगळे ठेवता येतात, ही कल्पना तेव्हाच्या यंत्राला झेपण्यासारखी नव्हती.

ती झेपली संगणकाला. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांवर जे संशोधन चालले होते त्यातून ‘जिस्ट’ हे तंत्र निघाले, आणि १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेत त्याची वाढ झाली. त्याच सुमारास इनस्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरत गेला व १९९१ साली भारतीय मानक १३१९४ मध्ये ‘इस्की’ ह्या संकेतमालेसह त्याला स्थान मिळाले. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. अल्पप्राण व महाप्राण ह्यांची जोडी एकाच कळीवर, शिफ्टच्या भेदाने, बसते : क च्या वर ख, प च्या वर फ. मात्रेच्या कळीवर शिफ्ट दाबली की तोच स्वर स्वतंत्र रूपाने मिळतो. वर्णमालेची जी मांडणी प्राचीन शिक्षाकारांनी केली तीच बोटांखाली आली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे ळ ला आणि नुक्तायुक्त ऱ ला त्यात स्वतःची जागा मिळाली.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदविली पाहिजे. इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर टंकित होतो आणि पडद्यावर व्यंजनाआधी दिसतो. लखनौ परिषदेला जे कागदावर घडवून आणता आले नाही ते संगणकाच्या स्मृतीत घडून गेले, आणि डोळ्याला त्याची झळ लागली नाही. सुधारकांचे तत्त्व टिकले. त्यांचा उपाय तेवढा अनावश्यक ठरला. टंकलेखनयंत्रावर बोटे तयार झालेल्या कारकुनांना मात्र हा क्रम उलटा वाटला. त्यांच्यासाठी जुन्या मांडणीचे कळफलकही उपलब्ध ठेवावे लागले. मग आधी आलेली वेलांटी रोखून धरून, व्यंजन आल्यावर तिच्या मागे लावण्याचे काम मधल्या एखाद्या थराने करावयाचे. युनिक्सच्या ओळीच्या शिस्तीत अशा उलटापालटीला जागाच नाही. ती बाइट ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ठेवते.

सी-डॅकने बहुजनवापरी युनिक्स यंत्रांना जोडावयाची जिस्ट टर्मिनले तयार केली. ती व्हीटी घराण्यातील टर्मिनलांची भाषा जाणत, आणि अक्षरांची जुळणी टर्मिनलमध्येच होत असल्यामुळे मुख्य संगणकाला देवनागरीची जाण असण्याचे कारण उरत नसे. त्याला फक्त आठ बिटांचे बाइट दिसत. ह्या ‘फक्त’मध्येच अडचण होती. आठव्या बिटाचा उपयोग जुन्या तारांवर समता तपासण्यासाठी होत असे, आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाइटमधील हा बिट काढून टाकण्याची एक खूण टर्मिऑसमध्ये आहे. इस्कीतील झाडून सारी देवनागरी चिन्हे ह्या आठव्या बिटाच्या बळावर उभी आहेत. ती खूण चालू असताना भिंगार लिहिले तर भ चा रोमन के होतो, वेलांटीचा चौकटी कंस, अनुस्वाराचे दुहेरी अवतरणचिन्ह, ग चा आकडा पाच, कान्याचा झेड आणि र चा ओ. शब्द पुसला जात नाही. तो दुसऱ्याच लिपीत बरळू लागतो. उपाय एका आज्ञेचा होता, पण तो ठाऊक असल्याखेरीज बिघाड कोठे आहे ह्याचा माग लागणे कठीण.

रोमन लिपीतून मराठी लिहिणाऱ्यांनाही ह्याच जातीचा धोका होता. आयट्रान्स पद्धतीत त साठी लहान व ट साठी मोठे रोमन अक्षर योजतात. मोठ्या अक्षरांची लहान अक्षरे करणारी टेलिटाइपकालीन खूण जर टर्मिनलवर चालू राहिली तर पाट आणि पात ह्यांतील भेद नाहीसा होतो. दंत्य आणि मूर्धन्य ह्यांचा भेद एका विसरलेल्या खुणेच्या स्वाधीन असावा, हे भाषेच्या अभ्यासकाला विचित्र वाटणारच.

इस्कीच्या रचनाकारांनी एक दूरदृष्टी दाखविली होती. संकेतमालेच्या वरच्या अर्ध्या भागातील पहिली बत्तीस स्थाने त्यांनी रिकामी ठेवली, कारण व्हीटी घराण्यातील आठ-बिटी टर्मिनले त्या स्थानांना अक्षर न समजता आज्ञा समजत. पुढे युनिकोड आले. त्याचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला होता. १९९२ साली टॉम्प्सन व रॉब पाइक ह्यांनी यूटीएफ-८ ची रचना केली, आणि प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे झाले. आता त्या रिकाम्या ठेवलेल्या स्थानांवरील बाइट देवनागरीत सर्रास येऊ लागले. छ ह्या चिन्हाचा तिसरा बाइट हा नेमका तोच आहे जो जुन्या आठ-बिटी टर्मिनलला नियंत्रणसूत्राचा आरंभ म्हणून ओळखीचा असतो. यूटीएफ-८ न जाणणाऱ्या अशा टर्मिनलवर ‘छावणी’ हा शब्द पाठविला तर छ उमटणे दूरच. त्यापुढचे बाइट आज्ञा म्हणून वाचले जातात.

खोडकळीचा प्रश्न ह्या टप्प्यावर खरा तीव्र झाला. ओळीची शिस्त अजूनही एका आघाताला एक बाइट खोडीत होती. भिंगारमधील र खोडावयास गेले तर पडद्यावर र चे घर रिकामे होई, परंतु स्मृतीत त्याचे पहिले दोन बाइट तसेच राहत. ओळ पुरी करून पाठविली की प्रोग्रामच्या हाती एक भग्न चिन्ह पडे. हा दोष दृष्टीआड असल्यामुळे अधिक घातक होता. नावांच्या यादीत किंवा फाइलच्या नावात असे भग्न अवशेष शिरले म्हणजे ते शोधून काढणे जिकिरीचे होते.

लिनक्सच्या गाभ्यात २००४ साली, २.६.४ ह्या आवृत्तीपासून, ह्यावर उपाय आला. ‘आययूटीएफ-८’ नावाची एक नवी खूण टर्मिऑसच्या आदान-खुणांत घालण्यात आली. ती चालू असता खोडकळ दाबल्यावर ओळीची शिस्त मागे मागे जाते आणि चिन्हाचा आरंभीचा बाइट सापडेपर्यंतचे सर्व बाइट काढून टाकते. अठरा हा आकडा अशा रीतीने सहावर आला. भग्न चिन्हे उरण्याचे थांबले. एवढ्याशा बदलाला यूटीएफ-८ च्या जन्मानंतर बारा वर्षे लागली, ह्यावरून टर्मिनलकडे कोणत्या लिपीच्या चष्म्यातून पाहिले जात होते ह्याची कल्पना येते.

पण सहा आणि पाच ह्यांमधील अंतर तसेच राहिले. शिस्तीला चिन्ह कळले तरी त्याची रुंदी कळत नाही. प्रत्येक चिन्हामागे ती पडद्याला एकच सूचना देते : एक घर मागे जा, रिकामी जागा उमटव, पुन्हा मागे ये. वेलांटी व काना ह्यांना रुंदी-कोष्टकांत एकेक घर आहे. अनुस्वाराला, उकाराला आणि एकाराच्या मात्रेला घर नाही, ती शेजारच्या घरातच राहतात. आता भिंगार शेवटापासून खोडीत गेल्यास र, काना व ग हे तीन आघातांत बिनतक्रार जातात. चौथ्या आघाताला स्मृतीतून केवळ अनुस्वार जातो. पडद्यावरून मात्र ज्या घरात तो राहत होता ते वेलांटीचे घरच पुसले जाते. डोळ्याला भ दिसतो, संगणकाजवळ भि असते. ह्या क्षणी ओळ पाठविली तर लिहिणाऱ्याने जे पाहिले त्याहून निराळे पोहोचते. पाचव्या आघाताला भ दिसेनासा होतो, पण तो स्मृतीत शिल्लक असतो, आणि सहाव्या आघाताला त्या बिचाऱ्याच्या डावीकडील, लेखकाने न लिहिलेले, घर पुसले जाते.

बॅशसारख्या आज्ञावाहकांत हा अनुभव सहसा येत नाही, कारण ते टर्मिनल कच्च्या पद्धतीला लावून ओळ घडविण्याचे काम स्वतःकडे घेतात आणि रुंदीचा हिशेब ठेवून ओळ पुन्हा रेखाटतात. नाव विचारून थांबणाऱ्या साध्या प्रोग्रामांत मात्र जुनी शिस्तच राबते. तेथील ओळीची लांबीही बाइटांतच मोजली जाते. लिनक्समध्ये ४०९५ बाइटांची मर्यादा इंग्रजी लेखकाला तितकीच अक्षरे देते, देवनागरी लेखकाला १३६५ चिन्हे.

आता मूळ प्रश्न. चिन्ह खोडावे की अक्षर? प्रातिशाख्यकारांनी स्वराला, तसेच व्यंजनयुक्त वा अनुस्वारयुक्त स्वराला अक्षर म्हटले व वर्णाहून ते वेगळे मानले. लिपीतील अक्षर ह्या शास्त्रीय अक्षराशी तंतोतंत जुळत नाही, तरी मराठी वाचकाची नजर त्याच एककाने चालते. त्यावरून असे म्हणणारा एक पक्ष आहे की भिं हे एक अक्षर असल्यामुळे एका आघातात ते सबंध जावे. हा पक्ष दिसतो तितका बळकट नाही. ‘स्त्री’मध्ये चुकून ऱ्हस्व वेलांटी पडली असता सबंध अक्षर, म्हणजे सहा चिन्हांच्या मागे पुन्हा धावण्याची पाळी कोणावर आणू नये. लिहिणारा चिन्हामागून चिन्ह रचीत जातो. त्याने शेवटी जे रचले ते आधी काढता यावे हेच न्याय्य. बाराखडी गिरविणारे मूलही व्यंजन तसेच ठेवून मात्रा बदलते. म्हणून खोडताना चिन्ह आणि दाखविताना अक्षर, असा व्यवहार ठेवणे योग्य दिसते. आजची अनेक लेखनसाधने तसेच करतात : खोडकळ एक चिन्ह काढते, बाणाची कळ मात्र अक्षर ओलांडते.

ह्यालाही एक मराठी अपवाद आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे अर्थभेद र च्या दोन जोडरूपांवर अवलंबून आहेत. दुसरे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिले जाते : नुक्तायुक्त ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दुसऱ्या प्रकारात खोडकळ त्या अदृश्य चिन्हावर येते तेव्हा एका आघातात कोणतीही रेघ नाहीशी होत नाही. आचाऱ्याचा आचार्य तेवढा होतो. चिन्हवार खोडण्याच्या पक्षाला ह्या उदाहरणाचे उत्तर द्यावे लागेल, आणि नुक्तायुक्त ऱ चा प्रकार सर्वत्र प्रमाण मानणे हेच ते उत्तर दिसते. इनस्क्रिप्टवर त्याला कळ आहेच.

अक्षराच्या सीमेविषयी युनिकोडच्या नियमांतही दीर्घकाळ संदिग्धता होती. मात्रा व्यंजनाशी बांधलेली मानली जाई, परंतु जोडाक्षर हलन्ताशी तुटे; ‘क्ष’चे दोन तुकडे मोजले जात. २०२३ च्या १५.१ ह्या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी हा नियम दुरुस्त झाला आणि जोडाक्षर अखंड ठरले. टर्मिनलची रुंदी-कोष्टके मात्र अजून चिन्हागणिक घर मोजणारी आहेत, आणि ओळीची शिस्त तर कोष्टकही पाहत नाही. भिंगारची अक्षरे तीन, हे आता प्रमाणकाला मान्य आहे. पडद्यावर त्याची घरे पाचच आहेत.